दहा टक्क्यांचा प्रवासी

आमच्या बँकेत कुणी दहा रुपये भरले, तर त्याला दहा रुपयांची पावती मिळते. पैसे घेतले आणि बदल्यात काहीच दिलं नाही, तर आमच्याकडे त्याला अफरातफर म्हणतात आणि चौकशी लागते. विमान कंपन्या त्याला ‘इन्फंट फेअर’ म्हणतात आणि चौकशी कुणी करत नाही.

दोन वर्षांच्या आतलं बाळ परदेशी निघालं, की बहुतेक मार्गांवर त्याला मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के मोजावे लागतात. त्याचं वेगळं तिकीट निघतं. वेगळा पासपोर्ट लागतो, त्यावर स्वतःची मान स्वतः धरता न येणाऱ्या त्या जिवाचा समोर बघणारा फोटो लागतो. व्हिसा लागतो. एवढं सगळं झाल्यावर आसन क्रमांकाच्या रकान्यात बघावं, तर तिथे काही नाही. बाळाची जागा म्हणजे आई. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे दहा टक्क्यांचे दहा टक्के तरी मिळावेत, एवढी समज मला आहे.

आपल्याकडे बाळाला जागा नाही, असं कधी कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. बाराव्या दिवशी पाळणा. ज्याच्या घरी पाळणा नाही, त्याच्या घरी साडीची झोळी. ऊसतोडीला गेलेली बाई झाडाच्या फांदीला झोळी बांधते. सेकंड क्लासच्या डब्यात दोन बर्थांच्या मधे लुगडं बांधून झोके देणारी आजी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला फुकट नेणाऱ्या रेल्वेनेसुद्धा 2022च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात आईच्या बर्थला जोडलेला बाळाचा छोटा बर्थ लावून बघितला. म्हणजे एक पैसा न घेणाऱ्या रेल्वेला हे सुचलं, आणि दहा टक्के घेणाऱ्यांना अजून सुचायचं आहे.

आता कुणी म्हणेल, “अहो, विमानात बॅसिनेट असतं की!” असतं. रांगेसमोर जिथे भिंत येते, तिथे ते खुंटीला दप्तर अडकवावं तसं अडकवतात. पण ते अख्ख्या विमानात मोजकेच. कुठे अकरा किलोपर्यंतचं बाळ चालतं, कुठे चौदापर्यंत. आणि ते मिळतं ‘उपलब्धतेनुसार’. हा शब्द मी बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूने वापरतो आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला नीट ठाऊक आहे. त्याचा अर्थ ‘नाही’.

माझी पुतणी पाच महिन्यांची मुलगी घेऊन मुंबईहून अमेरिकेला निघाली. दीड महिना आधी तिने बॅसिनेट मागितलं होतं. विमानतळावर कळलं, की भिंतीसमोरच्या जागा पाय लांब करायला मिळतात म्हणून जादा पैसे घेऊन विकल्या गेल्या आहेत. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण दुसरी कंपनी वेगळी वागली असती याची मला खात्री नाही. “काका,” ती फोनवर म्हणाली, “त्या जागेवर सहा फुटी गृहस्थ होते हो, आणि बारा तास पाय सोडून घोरत होते.” पायांना जागा मिळाली, पाळण्याला नाही. कारण पायांचे पैसे जास्त येतात.

नशिबाने बॅसिनेट मिळालंच, तरी विमान जरा हललं आणि पट्ट्याचा दिवा लागला, की बहुतेक कंपन्यांत बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं. म्हणजे बाळ झोपलेलं असताना उठवायचं, आणि कुठे ठेवायचं? तर जिथे बांधून ठेवायची काही सोय नाही तिथे. युरोपात निदान आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा देतात. अमेरिकन कंपन्यांच्या विमानात उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो चालत नाही, कारण धक्क्यात बाळाच्याच पोटाला इजा होईल अशी तिथे भीती आहे. तेच बाळ, तोच पट्टा. अटलांटिकच्या अलीकडे सक्तीचा, पलीकडे मना.

विमान सुटताना जरा आजूबाजूला बघा. लॅपटॉप आत ठेवा. पिशवी पुढच्या सीटखाली सरकवा. चहाचा कप द्या. समोरचं टेबल बंद करा. स्वयंपाकघरातल्या किटल्यांनासुद्धा कड्या असतात. सुटी राहिलेली वस्तू धक्का बसला की उडते, आणि म्हणून विमानात काहीही सुटं राहू देत नाहीत. सुटं राहतं ते फक्त बाळ. त्याला आईने धरायचं. वेग एकदम तुटला, की दहा किलोचं बाळ हातांना तीस किलोचं आणि त्याहूनही जड होतं. पण कंपन्यांचा हिशेब असा, की विमानात बसणारी प्रत्येक आई हिरकणी असते.

आता यात विनोद उरत नाही. 19 जुलै 1989 रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेडचं 232 क्रमांकाचं विमान आयोवातल्या सू सिटीला कोसळलं. त्यात मांडीवरची चार मुलं होती. केबिन कर्मचाऱ्यांची प्रमुख जॅन ब्राउन हिने तेव्हाच्या नियमाप्रमाणे आयांना सांगितलं, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा. चौघांतलं एक मूल वाचलं नाही. नियम पाळणारी ती बाई पुढे वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहिली : बाळाला स्वतःची सीट द्या. अमेरिकेतल्या अपघात तपास मंडळानेही 1990 साली तेच सांगितलं.

विमान वाहतूक खात्याने 2005 साली उत्तर दिलं, सक्ती करणार नाही. का? तर बाळाचं तिकीट महागलं की कुटुंबं मोटारीने जातील, आणि रस्त्यावर आकाशापेक्षा जास्त माणसं मरतात. त्यांच्या देशापुरता हा मुद्दा वजनदार आहे, मी मान्य करतो. पण लांबच्या प्रवासाचं काय? तिकीट महागलं म्हणून दादरहून न्यू जर्सीला मोटारीने कोण निघणार आहे? टोलनाके कितीही असले, तरी वाटेत समुद्र लागतो.

“अपघात कितीसे होतात?” असं विचारणाऱ्यांना मी आमचा लॉकर दाखवतो. दरोडा आमच्या शाखेत एकदाही पडलेला नाही. लॉकरचं दार तरीही नऊ इंचाचं आहे. शिवाय अपघातच व्हायला लागतो असं नाही. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान म्यानमारवर असताना नुसत्या हवेच्या झटक्याने एक प्रवासी दगावला आणि कितीतरी जखमी झाले. त्याच वर्षी 5 जानेवारीला अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेल्या विमानाच्या दाराचा बंद केलेला भाग सोळा हजार फुटांवर उडून गेला. त्याच्या शेजारच्या सीटा सुदैवाने रिकाम्या होत्या. त्या विमानात मांडीवरची तीन बाळं होती.

आणि रोजची गोष्ट म्हणजे झोप. डॉक्टर सांगतात, बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक जागी झोपवा, तोंडाशी सैल पांघरूण नको. मांडीवर यातलं काहीच जमत नाही, आणि चौदाव्या तासाला आईचाच डोळा लागतो. बाळ छातीशी, वर कंपनीची शाल. मग मागच्या रांगेतल्या काकू सुचवतात, “सर्दीचं औषध पाज चमचाभर, गप झोपेल!” दोन वर्षांखालच्या मुलाला ते देऊ नये, असं डॉक्टर कंठशोष करून सांगतात. पण जागा नसली, की औषध आठवतं. बाळ रडतं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की तुम्हालाही दुसऱ्याच्या मांडीवर सोळा तास काढायला लावले, तर तुम्ही भजन म्हणणार नाही.

बाळासाठी वेगळी सीट विकत घेऊन तिच्यावर मान्यताप्राप्त कार-सीट बांधता येते, हे मला ठाऊक आहे. पण तिथे लहान मुलाचं भाडं लागतं, बहुधा मोठ्याच्या पाऊण. दहा टक्क्यांत मांडी, पंचाहत्तर टक्क्यांत सुरक्षितता. मधला फरक पासष्ट टक्के. कोकणातल्या सावकाराने हा दर ऐकला असता, तर कानाला हात लावला असता.

माझ्या मागण्या तीन आहेत. बाळ विमानात आहे हे कळलं, की भिंतीसमोरची जागा आधी बाळाला, उरलेली लांब पायांना. रिकामी सीट असेल, तर बाळाची कार-सीट तिथे बांधू द्या, जादा पैसे न घेता. ती सीट रिकामी जाण्याने कंपनीला एक नवा पैसा मिळत नाही. आणि लांबच्या मार्गांवर बाळाला स्वतःची, पट्ट्याची जागा द्या, आजच्याच भाड्याच्या जवळपास. दोन वर्षांची मुलं किती असतात हो विमानात? त्यांच्या सवलतीने ज्या कंपनीचं दिवाळं निघेल, तिला आमची बँकही कर्ज देणार नाही.

आमच्याकडे पाच रुपये शिल्लक असलेल्या खात्यालाही नंबर असतो. त्या बाळाला फक्त एक नंबर द्या. 24-क, 38-ब, कुठलाही चालेल. त्याला वाचता येत नाही.