ग्लोव्हज घातले की हात धुवायची गरज नाही?

५ मे हा जागतिक हात स्वच्छता दिन. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दिवशी आठवण करून दिली: ग्लोव्हज कधी लागतात, कधी नाही, हातांची स्वच्छता मात्र नेहमीच हवी.

असं का? त्याच ग्लोव्हजनी दुसऱ्या रुग्णाला हात लावला, की जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचतात. ग्लोव्हजना बारीक छिद्रं असू शकतात. काढतानाही हाताला जंतू लागतात.

म्हणून प्रत्येक रुग्णासाठी नवे ग्लोव्हज, आणि काढल्यावर लगेच सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं किंवा साबणाने ४० ते ६० सेकंदांत हात धुवायचे.

पाणीपुरीवाल्याने ग्लोव्हज घालूनच नोटा घेतल्या, तरी गणित तेच. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये ‘हात धुतलेत ना?’ असं विचारणं हा उद्धटपणा नाही, रुग्णाची काळजी आहे.