सव्वा महिना की ३० दिवस?

वाडी हा बडोद्यातला जुना मराठमोळा भाग. तिथली मुलगी गोव्यात सून म्हणून आली तरी पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. तिथले गुजराती शेजारीही सव्वा महिनाच पाळतात. प्रथा वाईट मुळीच नाही. बाळंतिणीला विश्रांती मिळते, बाळाला आडोसा मिळतो. पण बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर हाच सव्वा महिना घात करू शकतो.

कारण डोळे. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची वाढ आईच्या पोटात अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत चालू असते. बाळ लवकर जन्मले की ती अर्धवट राहते आणि पुढे भलतीकडे वाढू शकते. पडदा सुटला की दृष्टी गेली. म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २ किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा आपल्याकडचा वैद्यकीय दंडक आहे. २८ आठवड्यांआधीच्या बाळाचे तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत सापडले तर लेसरने बहुतेकांची दृष्टी वाचते. वरून डोळे टपोरे, स्वच्छ दिसतात. आईला काहीच कळत नाही. सव्वा महिना म्हणजे ३७-३८ दिवस. हिशेब तुम्हीच करा.

डोळ्यांवरच हे संपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, २ किलोहून कमी वजनाच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा थोडी कमी, पण सर्वसाधारण मर्यादेतच आढळली. अपुऱ्या दिवसांची असून पोटातही नीट न वाढलेली मुले सर्वांत मागे राहिली. म्हणजे घाबरायचे कारण नाही, पण विसरूनही चालणार नाही. कान तपासायला हवेत, बसणे-बोलणे पाहायला हवे. दोन महिने आधी आलेले बाळ आठव्या महिन्यात सहा महिन्यांचे धरावे; शेजारच्या बाळाशी तुलना नको.

आपल्याकडे घोळ होतो तो माहेर-सासरच्या मध्ये. फाईल बडोद्याला राहते, बाळ गोव्याला येते आणि पुढची तपासणी कुणाचीच नसते. लाडवांच्या डब्यासोबत ती फाईलही येऊ द्या. आणि आजीबाई, सव्वा महिना जरूर पाळा. फक्त डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला एक दिवस उंबरा मोकळा ठेवा.