फूटपट्टीएवढं अंतर

मुलांनो, दप्तरातून तुमची फूटपट्टी काढा बरं. काढली? आता ती जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्याकडे नीट बघा. आजची गोष्ट या फूटपट्टीएवढीच आहे, पण ती पोचते थेट इंग्लंडपर्यंत!

६ ऑगस्ट २०२२. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. त्या दिवशी स्टीपलचेस होती, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. धावायचं तीन किलोमीटर. वाटेत अठ्ठावीस वेळा जवळजवळ तीन फूट उंचीचे लाकडी अडथळे पार करायचे. ते इतके भक्कम असतात की पाय लागला तर अडथळा पडत नाही, पळणाराच पडतो. शिवाय सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी! ओल्या बुटांनी पुढं पळत राहायचं.

या शर्यतीवर केनिया देशाचं राज्य होतं. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी तिन्ही पदकं दर वेळी केनियाच्याच धावपटूंनी नेली. म्हणजे अठरापैकी अठरा! बाकीच्या देशांनी फक्त टाळ्या वाजवायच्या.

पण या वेळी शेवटच्या फेरीत केनियाच्या अब्राहम किबिवोटला एक जण चिकटून राहिला. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, तिथला अविनाश साबळे. किबिवोटची वेळ ८ मिनिटं ११.१५ सेकंद. अविनाशची ८ मिनिटं ११.२० सेकंद. फरक किती? गणितात कच्चे असाल तरी सांगाल : एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यातले फक्त पाच. त्या वेगानं पळणारा माणूस तेवढ्या वेळात जेमतेम तीस सेंटिमीटर पुढं जातो. तीन किलोमीटर पळून झाल्यावर दोघांत अंतर राहिलं ते तुमच्या समोरच्या फूटपट्टीएवढं! अविनाशला रौप्यपदक मिळालं आणि केनियाची साखळी तुटली.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलानं विचारलं, "सर, तो लहानपणी काय करायचा?"

हा मुलगा होळीच्या आधी शाळेत परत आला होता. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलपं लागतात. माणसं गुजरातेत ऊस तोडायला जातात, वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मुलंही सोबत जातात. होळीला परत येतात, तोवर वर्गाचे चार-चार धडे पुढं गेलेले असतात. मग "आई-वडील काय करतात?" असं कुणी विचारलं की हा मुलगा खाली बघून म्हणतो, "काही नाही."

मी सांगितलं, "अविनाशचे आई-वडील थोडी शेती करायचे आणि वीटभट्टीवर कामाला जायचे. शाळा सहा किलोमीटर लांब. गाडी नाही. अविनाश चालत, पळत शाळेत जायचा."

"वीटभट्टीवर?" त्यानं मान वर केली. "आमच्यासारखं?"

"हो, तुमच्यासारखंच."

मुलांनो, इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. काही लोक म्हणतात, गरिबीमुळं माणूस मोठा होतो. मला नाही तसं वाटत. गरिबीमुळं पदक मिळालं असतं, तर आपल्या पाड्यापाड्यांत पदकांचे ढीग लागले असते. अविनाशनं शाळा सोडली नाही, हे महत्त्वाचं. तो बारावी झाला, म्हणून सैन्यात गेला. महार रेजिमेंटमध्ये होता. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटातही राहिला. सैन्याच्या शर्यतींत तो धावू लागला २०१५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास. स्टीपलचेसकडे तर त्यानंतर वळला.

आणि यश लगेच मिळालं असं समजू नका. २०१८ मध्ये त्यानं गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. वेळ होती ८ मिनिटं २९.८० सेकंद. २०२१ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये तो ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत धावला. तोही नवा राष्ट्रीय विक्रम! तरी अंतिम फेरीत जाता आलं नाही. दुसऱ्या गटातले काही जण त्याच्यापेक्षा हळू धावूनही पुढं गेले, कारण ते आपल्या गटात पहिल्या तिघांत होते. नियमच तसा होता. आपण असतो तर रुसून बसलो असतो. अविनाश पुन्हा सरावाला लागला. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमचं रौप्य. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथं आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली, तिथं अकरावा आला. त्याच वर्षी पॅरिसमध्येच दुसऱ्या एका शर्यतीत वेळ दिली ८ मिनिटं ९.९१ सेकंद. म्हणजे सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी केले. एकदम नाही, दर वेळी थोडे थोडे.

"आणि मुली नाहीत का, सर?" मागच्या बाकावरून आवाज आला. वा, नाहीत कशा! याच शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी अविनाशच्या आठ वर्षं आधी गाठली होती ती सातारा जिल्ह्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरनं. २०१६ साली ब्राझीलमधल्या रिओत ती दहावी आली. आणि नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत! २०१० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथं आशियाई स्पर्धेत तिनं दहा हजार मीटर धावून रौप्यपदक आणलं. तिचा पाडा आणि आपला पाडा यांत काय मोठा फरक आहे?

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही मैदानावर चुन्याची रेघ मारली. सगळे पळाले. तो मुलगा तिसरा आला. पहिल्यापेक्षा किती मागं राहिला, ते त्यानं स्वतः फूटपट्टीनं मोजलं. सात फूटपट्ट्या! वहीत तारीख घालून लिहूनही ठेवलं. पुढच्या शनिवारी पुन्हा मोजणार आहे. मी त्याला एकच अट घातली आहे : दिवाळीनंतरही शनिवारी इथंच मोजायचं. त्यासाठी त्याच्या घरच्यांशी मी बोलणार आहे. आजी गावातच असते, तिच्याकडे राहता येईल का ते बघायचं आहे.

तुम्हीही मोजा. दुसऱ्याशी नाही, स्वतःच्या मागच्या शनिवारशी. आणि किती फूटपट्ट्या कमी झाल्या, ते मला पत्रानं कळवा!