प्रतीची प्रत

स्वतःची प्रतिकृती घडवणाऱ्या यंत्राला आराखडा दोनदा लागतो: एकदा वाचून बांधणीसाठी, एकदा जसाच्या तसा उतरवून पुढच्या यंत्राला देण्यासाठी. जॉन फॉन नॉयमन यांनी 1948 मध्ये हे मांडले. पेशीतील डीएनएही असाच दोन प्रकारे वापरला जातो. कारेल चापेक यांच्या 1920 च्या नाटकात यंत्रमानवांच्या रचनेचे मूळ हस्तलिखित जळते आणि नवे यंत्रमानव घडवता येईनासे होतात. रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रतही परचक्रात गेली; पण महानुभाव पंथीयांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, ही थोर कामगिरी. त्यातून पाठभेद आले. त्यांना केवळ दोष मानणे अन्यायाचे आहे. जनुकांतील बदलांवरून जीवशास्त्रज्ञ वंशावळ लावतात, तशा पाठभेदांवरून अभ्यासक पोथ्यांच्या परंपरा ओळखतात.