उंबरठ्यावरची पेटी

चारकोपच्या वसाहती म्हाडानें जागतिक बँकेच्या साहाय्यानें वसविल्या, तेव्हां लहान लहान भूखंड पाडून मध्यें चौक व सभोंवार भिंतीस भिंत लागून घरें, अशी त्यांची रचना ठेविली. शेजारची फोडणी आपल्या माजघरांत दरवळावी इतकी ही जवळीक. वाय-फायच्या लहरीहि भिंतीस जुमानीत नाहींत. पण दाराला लोखंडी जाळी व तीन कुलपें लावणारीं आमचीं सुशिक्षित कुटुंबें कोपऱ्यांत लुकलुकणाऱ्या राउटरकडे ढुंकूनहि पाहत नाहींत.

पुष्कळांची समजूत अशी कीं, वाय-फायचा परवलीचा शब्द बदलला म्हणजे सर्व झालें. वस्तुतः या पेटीला किल्ल्या दोन. एकीनें घरचीं माणसें इंटरनेटवर जातात. दुसरीनें खुद्द पेटीचा कारभार चालतो. ही दुसरी कित्येक घरीं कारखान्यांतून आली तशीच राहते, आणि ती बहुधा जगजाहीर असते.

त्याचें फळ २०१६ सालीं दिसलें. 'मिराई' नांवाच्या घातकी प्रोग्रामनें देशोदेशींच्या घरांतील राउटर व पहाऱ्याचे कॅमेरे काबीज केले. त्यापाशीं कांहीं अद्भुत विद्या नव्हती. कारखान्यांनीं घातलेल्या साठांहून अधिक किल्ल्यांची यादी होती, आणि त्या एकामागून एक लावून पाहण्याची चिकाटी होती. २१ ऑक्टोबर रोजीं अशा अंकित उपकरणांनीं अमेरिकेंतील डिन या कंपनीवर एकाच वेळीं मागण्यांचा भडिमार केला, व ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. मिराईच्या तिघां तरुण कर्त्यांनीं २०१७ मध्यें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. (एवढी चिकाटी आमच्या वर्गांतील मुलांनीं व्याकरणांत दाखविली असती तर!) कॅमेऱ्यांच्या मालकांस मात्र कशाचीच वार्ता नव्हती.

संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून आहे: उंबरठ्यावरील दिवा आंतबाहेर दोहींकडे उजेड पाडतो. या पेटीचेंहि तसेंच. ती परक्याच्या हातीं गेली कीं, आंत आजोबांच्या निवृत्तिवेतनावर डोळा, आणि बाहेर आपल्या नांवानें दुसऱ्याच्या घरावर धोंडे.

म्हणून ती दुसरी किल्ली आजच बदलावी. बाहेरच्या इंटरनेटवरून पेटीचा कारभार करण्याची सोय बंद ठेवावी. पाहुण्यांस व कॅमेऱ्यास निराळें 'गेस्ट' जाळें द्यावें. परवली वहींत लिहूं नये असें सांगतात. आमचें मत निराळें आहे. दूरदेशींचा चोर गृहिणीचें कपाट उघडूं शकत नाहीं. लांबलचक परवली लिहून तेथें ठेवणें, नातवाच्या जन्मतारखेवर विसंबण्यापेक्षां शतपट बरें.

डागडुजीचीहि टाळाटाळ नको. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय'नें संगणकांतील कागदपत्रें ओलीस धरून खंडणी मागितली, त्याच्या दोन महिने आधींच मायक्रोसॉफ्टनें दुरुस्ती दिली होती. 'मागाहून पाहूं' म्हणणारे सांपडले. विंडोज १० ची नित्याची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. मुलांच्या खेळापुरता ठेविलेला जुना संगणक म्हणून निरुपद्रवी समजूं नये; तोहि त्याच जाळ्यांत असतो.

संगणक बाधित झाल्याचा संशय आल्यास केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून तो निर्मळ करण्याचीं साधनें विनामूल्य मिळतात. आणि पैसा गेलाच, तर प्रथम १९३० या क्रमांकावर दूरध्वनि करावा. घरांत परस्परांस दोष देणें त्यानंतर सवडीनें.