थोरल्याचा वाटा

घरातील कर्ता निवर्तला की महिन्याची मिस्सा होण्यापूर्वीच ओसरीवर वाटणीची कुजबुज सुरू होते. “मी थोरला, मला अधिक,” हे वाक्य त्या वेळी हमखास ऐकू येते.

या मागणीचे मूळ पुरातन आहे. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या 21व्या अध्यायात ज्येष्ठ पुत्रास दुप्पट वाटा द्यावा, अशी आज्ञा आहे. परंतु वाचकहो, तिचा प्रसंग ध्यानात घ्या. दोन स्त्रियांच्या पतीने आवडतीच्या पुत्रासाठी नावडतीच्या थोरल्यास डावलू नये, म्हणून ती दिली गेली. पित्याच्या पक्षपातास बांध घालणे, हाच तिचा हेतू दिसतो. शिवाय तो हक्क अढळही नव्हता. एसावाने तो मसुरीच्या वरणासाठी विकला. रऊबेनाने दुर्वर्तनाने गमावला. आणि ईयोबाने तर आपल्या कन्यांनाही त्यांच्या भावांबरोबर वतन दिले.

आजच्या कायद्यात हा बांध सर्वत्र सारखा नाही. गोव्यात 1870 पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगे व मुली यांना समान वारस मानले. आजही तेथे मुले असता निम्म्या मालमत्तेपलीकडे मृत्युपत्र चालत नाही. बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथील ख्रिस्ती कुटुंबांना मात्र 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर विधवेस एकतृतीयांश आणि उरलेले सर्व मुलामुलींना समसमान. मृत्युपत्र केले, तर पिता आपले सर्वस्व एकट्या थोरल्यास देऊ शकतो. तेथे बांध उरतो तो केवळ त्याच्या विवेकबुद्धीचा.

थोरल्याची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. शाळा सोडून त्याने धाकट्यांची फी भरली असेल, आईचे आजारपण काढले असेल, तर त्यास अधिक मिळणे रास्तच होय. पण ते त्याच्या कष्टांचे फळ असावे. जन्मक्रमाचे बक्षीस नसावे. आणि हीच सेवा धाकट्या मुलीने केली असेल, तर तोच न्याय तिलाही लागू व्हावा.

म्हणून आईबापांनी हातपाय धड असतानाच सर्व मुलांस एकत्र बसवून, कोणास काय व का, हे स्पष्ट सांगावे आणि कायद्याच्या रीतीने लिहून ठेवावे. आणि थोरल्या भावा, बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद सरकविण्यापूर्वी तिचा वाटा किती, हे तिला वाचून दाखव. तिने समजून सोडला, तर ती तिची माया. न कळता सही केली, तर ती तुझी लूट!