गुडघ्याला ‘मशीनचा शेक’: अल्ट्रासाउंड थेरपीने टोंगळे खरंच बरे होतात का?

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की बायका दिवसदिवस बांधीतल्या चिखलात वाकून असतात. घरी आल्यावर उकिडवं बसून भांडी, जमिनीवर बसून निवडणं-टिपणं. पन्नाशीच्या आसपास ‘टोंगळे दुखतात’ ही तक्रार सुरू होते आणि मग ती जात नाही.

समजा, शहापूरच्या अशाच एका बाईला फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळाली. त्यावर लिहिलंय, ‘अल्ट्रासाउंड, १० सिटिंग’. शहापूर महामार्गावर आहे, भंडारा शहर जवळ, नागपूर पन्नासेक किलोमीटर. पण दहा सिटिंग म्हणजे दहा फेऱ्या, दहा वेळचं भाडं आणि हंगाम असेल तर तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी. सिटिंगचे पैसे वेगळेच. त्यामुळे या मशीनने नेमका किती फरक पडतो, हा प्रश्न तिच्यासाठी थेट खिशाचा आहे.

यादीत सगळ्यात खाली

जून २०२५ मध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञानपत्रिकेत चीनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवरच्या १३९ चाचण्या आणि त्यातले सुमारे १० हजार रुग्ण एकत्र धरून त्यांनी औषधाशिवायच्या १२ उपचारांची तुलना केली. नी-ब्रेस, पाण्यातले व्यायाम आणि जमिनीवरचे साधे व्यायाम वर आले. अल्ट्रासाउंड तळाला.

अशा क्रमवारीच्या बातम्या वाचताना थोडं सावध राहावं लागतं. यातल्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या, उपचाराचा काळ प्रत्येकीत वेगळा होता आणि सगळे उपचार एकमेकांसमोर थेट तपासलेले नव्हते. ब्रेस वर आले म्हणून मेडिकलमधली कुठलीही इलॅस्टिकची नी-कॅप तेच काम करेल, असंही नाही. पण अल्ट्रासाउंडबद्दल शंका घेणारा हा काही पहिला अभ्यास नाही.

मशीन नेमकं काय करतं?

अल्ट्रासाउंड म्हटलं की आपल्याकडे आधी सोनोग्राफी आठवते. गर्भलिंग तपासणीवर बंदी आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, त्यामुळे या शब्दाला आपल्याकडे एक वेगळंच वजन आहे. फिजिओथेरपीचं मशीन मात्र दुसरं. त्यात चित्र दिसत नाही. गुडघ्याच्या आत काय झालंय, हे ते दाखवू शकत नाही.

त्याच्या गोल डोक्यात एक स्फटिक असतो. वीज दिली की तो सेकंदाला १० लाख ते ३० लाख वेळा कंप पावतो. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० हजारांची, म्हणून आवाज ऐकू येत नाही. हवेतून या लहरी नीट जात नाहीत, त्यासाठी गार जेल लावतात. १० लाखांच्या लहरी जास्त खोल, ढोबळमानाने ३ ते ५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात. ३० लाखांच्या वरच्यावर राहतात.

लहरी सलग सोडल्या तर आतला भाग थोडा गरम होतो. थांबत थांबत सोडल्या तर उष्णता फारशी तयार होत नाही आणि रुग्णाला जवळजवळ काहीच जाणवत नाही. ‘मशीनचा शेक’ हे नाव त्यामुळे अर्धंच खरं आहे. एका सिटिंगमध्ये मशीन साधारण पाच ते दहा मिनिटं फिरवलं जातं. ते एका जागी धरून ठेवायचं नसतं, कारण त्याने आत चटका बसू शकतो.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं, गॅप कमी झाला’ हे ऐकून आलेल्या अनेकांना वाटतं की या लहरींनी वंगण परत येईल. तसा भरवशाचा पुरावा नाही. झिजलेली कूर्चा या मशीनने पुन्हा वाढत नाही. प्रश्न फक्त दुखणं किती कमी होतं, एवढाच.

बंद मशीननेही बरं वाटतं

इथे एक गमतीची गोष्ट आहे. चाचण्यांमध्ये काही रुग्णांना खरं अल्ट्रासाउंड दिलं जातं, तर काहींना तेच जेल आणि तेच डोकं फिरवून बंद मशीन. रुग्णाला फरक कळत नाही. आणि बंद मशीनवाल्यांनाही बरं वाटतं! कोणीतरी दहा मिनिटं गुडघ्याकडे लक्ष दिलं, हात लावला, विचारपूस केली, त्याचाही परिणाम होतो. शिवाय हे दुखणं आपोआप कमीजास्त होत असतं आणि माणूस दवाखान्यात जातो तो बहुधा ते टोकाला गेल्यावर. त्यामुळे खरा हिशेब बंद मशीनपेक्षा चालू मशीनने किती जास्त आराम दिला, याचा.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये हा हिशेब मांडला. गुडघ्याच्या फक्त पाच लहान चाचण्या सापडल्या, रुग्ण ३४१. दहाच्या मोजपट्टीवर दुखणं सरासरी १.२ ने जास्त उतरलं. म्हणजे फायदा असू शकतो, पण थोडा. आणि पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं संस्थेनेच नोंदवलं.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणारी ‘नाइस’ ही संस्था याच्या पुढे गेली. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिने स्पष्ट लिहिलं की ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी अल्ट्रासाउंड देऊ नये, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. टेन्स, आयएफटी आणि लेझर हीसुद्धा त्याच यादीत आहेत. आपल्याकडच्या अनेक सेंटरांची अर्धी टेबलं याच मशीनांनी भरलेली असतात.

तरी मशीन का लावतात? दोष एकट्या फिजिओथेरपिस्टवर टाकून चालणार नाही. लांबून आलेल्या पेशंटला नुसते व्यायाम शिकवून पाठवलं तर ‘काहीच केलं नाही, पैसे मात्र घेतले’ असं वाटतं. मशीन लावलं की उपचार झाल्यासारखा दिसतो. व्यायाम तसा दिसत नाही.

किती जणांचा प्रश्न?

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन चार हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी केली. जवळपास १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी होत्या. पुण्यासह पाच ठिकाणच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं प्रमाण २८.७ टक्के निघालं, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. तरुणपणी खूप वेळ उकिडवं बसणाऱ्यांमध्ये हा त्रास जास्त असल्याचं बीजिंगमधल्या एका अभ्यासातही दिसलं होतं. रोवणी-निंदणाच्या भागात ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

मग पैसे कशावर घालायचे?

‘नाइस’च्या यादीत पहिला क्रमांक व्यायामाचा, सोबत गरज असेल तर वजन कमी करणं. औषधांत गुडघ्यासाठी आधी वेदनाशामक जेल. ते चोळायला मशीन लागत नाही.

व्यायामाचाही फार गाजावाजा करायला नको. २०२४ मध्ये ‘कॉक्रेन’ने शंभराहून जास्त चाचण्या पुन्हा तपासल्या तेव्हा त्याचाही फायदा माफकच निघाला. पण तो एकदा शिकला की घरी, फुकट आणि वर्षानुवर्षं करता येतो. अल्ट्रासाउंडसाठी प्रत्येक वेळी गाडी पकडावी लागते.

पाय सरळ करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि पाच सेकंद ती खाली दाबायची. किंवा खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश उठायचं-बसायचं. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. सुरुवातीच्या दिवसांत दुखणं किंचित वाढू शकतं, आणि नेमकं तिथेच बरेच जण सोडून देतात. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात. उकिडवं बसणं टाळण्यासाठी शौचालयात कमोड खुर्ची ठेवली तरी रोजचा ताण कमी होतो.

चिठ्ठीवर दहा सिटिंग असतीलच, तर पहिल्याच दिवशी विचारा: घरी करायचे व्यायाम कधी शिकवणार? उत्तर ‘आधी शेक पूर्ण होऊ द्या’ असं आलं, तर दुसरीकडे विचारलेलं बरं. फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. तीही विचारायला हरकत नाही.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, पेसमेकर बसवला असेल, त्या जागी कॅन्सर असेल किंवा आधी होऊन गेला असेल, तर मशीन लावण्याआधी सांगायलाच हवं. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकू लागला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर सिटिंग थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. यातल्या ताप-सूज आणि पोटरीच्या त्रासासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.